श्वास देणारे हात

भाकरी झाली असेल तर निवांत बसून ऐका, झाली नसेल तर थापता थापता ऐका. सुरुवातीला एक लहानसं काम सांगतो. घरात लेकरू झोपलेलं असेल तर त्याचं झबलं जरा वर करून पोटाकडे बघा. पोट वर येतं, खाली जातं. हात लावायचा नाही, उठवायचं नाही, नुसतं बघायचं. हे कशासाठी, ते शेवटी सांगू.

आपण घरातलं सगळं मोजतो. दूध मापाने घालतो, गटाची बचत रुपया-रुपयाने मोजतो, बाळंतिणीचे दिवस बोटांवर मोजतो. श्वास मात्र मोजत नाही, कारण तो आपोआप चालतो. तो अडखळला की मगच आपलं लक्ष जातं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत न्यूमोनियाचा विषय निघाला. आशाताई माहिती सांगत होत्या. कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी एकदम म्हणाल्या, "माझं पहिलं लेकरू असंच गेलं. तीन महिन्यांचं होतं. पोट उडत होतं नुसतं. सासूबाई म्हणाल्या, सर्दी उतरलीय छातीत. एकाने डागायला सांगितलं, आम्ही डागलं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत घातलं, पण रस्त्यातच गेलं." चाळीस वर्षं होऊन गेली त्या गोष्टीला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि विचारलं, "तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?"

त्या प्रश्नावरून आम्ही वाचायला बसलो. माणसाचा श्वास बंद पडायला लागला की त्याला श्वास द्यायचा, ही विद्या जगात कुणी आणि कशी उभी केली? आम्हाला वाटलं होतं की मोठाली यंत्रं आणि मोठाले शास्त्रज्ञ यांचीच गोष्ट निघेल. शास्त्रज्ञ निघाले, यंत्रंही निघाली. पण मधोमध निघाले ते साध्या माणसांचे हात. तीच गोष्ट आज सांगतो. ती सुरू होते इथून फार लांब, डेन्मार्क नावाच्या देशात, आणि येऊन पोचते आपल्या गडचिरोलीत.

आधी पोलिओबद्दल दोन शब्द. आमच्या वयाच्या बायकांना पोलिओ सांगावा लागत नाही. प्रत्येक गावात एखादी तरी मुलगी लुळ्या पायाने शाळेत यायची. पण पोलिओ फक्त पायाला होतो असं आपल्याला वाटतं, ते खरं नाही. तो मज्जातंतूंवर घाला घालतो. पायाचे तंतू गेले तर पाय लुळा पडतो. छातीचे आणि घशाचे तंतू गेले तर श्वासच लुळा पडतो. मूल शुद्धीत असतं, सगळं बघत असतं, पण छाती हलत नाही आणि लाळ गिळता येत नाही.

अशा रुग्णांसाठी १९२८ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एक यंत्र वापरात आलं. फिलिप ड्रिंकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ते बनवलं होतं. लोखंडी फुप्फुस म्हणायचे त्याला. आडव्या ठेवलेल्या पाण्याच्या टाकीसारखं दिसायचं. रुग्णाला आत निजवायचं, डोकं तेवढं बाहेर. मग टाकीतली हवा यंत्राने ओढायची, की छाती आपोआप फुगायची आणि नाकातोंडातून हवा आत यायची. पुष्कळ जीव या यंत्राने वाचले. पण ते महाग, अवजड, आणि जिथे जावं तिथे मोजकंच. शिवाय घसाच लुळा पडला असेल तर त्याचा फारसा उपयोग व्हायचा नाही. छाती फुगली की हवेबरोबर लाळही श्वासनळीत ओढली जायची.

आता १९५२ सालात या. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिथे साथीच्या रोगांचं एक मोठं रुग्णालय होतं, ब्लेगडॅम नावाचं. जुलै महिन्यात पोलिओची साथ सुरू झाली आणि बघता बघता भडकली. ऐन भरात दिवसाला पन्नास रुग्ण यायचे. डिसेंबरपर्यंत तिथे २,७२२ रुग्ण आले. त्यातले ३१६ असे होते की त्यांचा श्वास किंवा गिळणं धोक्यात होतं. आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयात लोखंडी फुप्फुस होतं किती? एक. छातीवर बसवायची लहान यंत्रं होती सहा.

पहिल्या तीन आठवड्यांत ज्या ३१ रुग्णांना या यंत्रांनी श्वास दिला, त्यातले २७ गेले. त्यात लेकरं बरीच. रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर होते लासेन. आपल्या कामात मुरलेला माणूस. पण रोज मुलं मरताना बघून तेही हतबल झाले. त्यांच्या हाताखाली ब्यॉर्नेबो नावाचे एक डॉक्टर होते. ते म्हणाले, "आपण एका भूलतज्ज्ञाला विचारून बघू या."

ही सूचना त्या काळात वेगळीच होती. भूल देणारा डॉक्टर म्हणजे ऑपरेशनच्या खोलीतला माणूस. साथीच्या वॉर्डात त्याचं काय काम? पण लासेन यांनी ऐकलं. आम्हाला या गोष्टीतला हा पहिला मोठेपणा वाटतो. मुख्य माणसाने हाताखालच्याचं ऐकलं, आणि आपल्याला जमत नाही हे कबूल केलं.

त्या भूलतज्ज्ञाचं नाव ब्यॉर्न इब्सेन. वय ३६. बोस्टनला जाऊन भूलशास्त्र शिकून आलेले. २५ ऑगस्टला बैठक झाली. इब्सेन यांनी मेलेल्या मुलांच्या शवविच्छेदनाचे अहवाल बघितले, आणि त्यांच्या लक्षात आलं की फुप्फुसं काही जीव जाण्याइतकी बिघडलेली नव्हती. मग जीव गेला कशाने? मुलांच्या रक्तात एक गोष्ट वाढलेली आढळत होती आणि तिचा अर्थ तिथल्या डॉक्टरांना लागत नव्हता. इब्सेन म्हणाले, हा कार्बन डायऑक्साइड साठलाय. मुलांना पुरेसा श्वासच मिळत नाहीये.

हे नीट समजून घेऊ, आणि त्यासाठी आपली चूल पुरे. चुलीत लाकूड पेटवायचं तर हवा आत जायला हवी, म्हणून आपण फुंकणीने फुंकतो. पण धूर बाहेर जायची वाट बंद असेल तर कितीही फुंका, घर धुराने भरणार आणि जीव गुदमरणार. शरीराचंही तसंच. श्वासाची दोन कामं असतात. चांगली हवा आत घेणं हे एक, आणि वापरलेली, टाकाऊ हवा बाहेर टाकणं हे दुसरं. त्या मुलांना नुसता ऑक्सिजन दिला की ओठ गुलाबी दिसायचे, डॉक्टरांना वाटायचं बरं आहे. पण आतला धूर बाहेर जात नव्हता. तो साठत साठत मूल बेशुद्ध व्हायचं, दरदरून घाम फुटायचा आणि खेळ संपायचा.

इब्सेन यांनी उपाय सांगितला तो ऑपरेशनच्या खोलीत ते रोज करत होते तोच. गळ्याला खालच्या बाजूला छेद द्यायचा, श्वासनळीत एक नळी बसवायची, तिच्याभोवती हवेचा लहान फुगा फुगवायचा म्हणजे लाळ खाली उतरणार नाही. नळीला जोडायची रबरी पिशवी. पिशवी हाताने दाबली की हवा आत. सोडली की बाहेर. बस, एवढंच.

२७ ऑगस्टला करून बघायचं ठरलं. बारा वर्षांची एक मुलगी होती. हातपाय लुळे, ताप, घशात लाळ भरलेली, ओठ निळे. ती आता जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. गळ्यात नळी बसवली, पण मुलगी घाबरून तडफडायला लागली. श्वासनळी आवळली गेली, पिशवी दाबली तरी हवा आत जाईना. बघायला जमलेल्यांपैकी काहींनी आशा सोडली. इब्सेन यांनी मग तिला गुंगीचं औषध दिलं. तिचं अंग सैल पडलं, तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि पिशवीची हवा सरळ आत गेली. थोड्या वेळात घाम सुकला, अंगाला रंग आला. ती मुलगी त्या साथीतून वाचली.

उपाय सापडला. पण खरी अडचण आता सुरू झाली. पिशवी दाबणार कोण? माणूस मिनिटाला कितीतरी वेळा श्वास घेतो. तो रात्री थांबत नाही, जेवायच्या सुट्टीत थांबत नाही. एकेका रुग्णाला दिवस-दिवस, आठवडे-आठवडे श्वास द्यायचा होता. आणि एका वेळी असे रुग्ण होते सत्तरपर्यंत. एवढे डॉक्टर आणायचे कुठून? यंत्रं तर नव्हतीच.

मग वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलामुलींना बोलावलं. दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. अजून शिकत असलेली विशी-बाविशीतली पोरं. त्यांना शिकवलं की पिशवी अशी धरायची, छातीकडे बघत अशी दाबायची, नळीत लाळ साठली की अशी ओढून काढायची. पाळ्या लावल्या. एक उठायचा, दुसरा बसायचा. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जायची, पण थांबायची नाही.

साथ संपेपर्यंत असे सुमारे १,५०० विद्यार्थी बसले. सगळ्यांचे मिळून तास झाले १ लाख ६५ हजार. आम्ही हिशेब करून बघितला. एकाच माणसाने हे काम करायचं म्हटलं असतं, तर न झोपता, न उठता जवळजवळ एकोणीस वर्षं लागली असती.

जरा डोळ्यांपुढे आणा, मैत्रिणींनो. रात्रीची वेळ आहे. वॉर्डात अंधुक दिवा. खाटेवर एक लेकरू, त्याला बोलता येत नाही, कारण गळ्यात नळी आहे. उशाशी एक परकी ताई बसलीय, तिच्या हातात रबरी पिशवी. तिने हात थांबवला तर लेकरू जाणार, हे तिला माहीत आहे आणि लेकरालाही. ही मुलं त्यांना गोष्टी वाचून दाखवायची, त्यांच्याशी खेळायची. ओठांच्या हालचालीवरून त्यांचं म्हणणं ओळखायला शिकली. काही लेकरं हातातच गेली. नवशिक्या पोरांनी तेही सोसलं आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर आली. आपल्यापैकी जिने रात्र-रात्र जागून आजारी माणसाच्या उशाशी बसून काढलीय, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको.

फळ काय मिळालं? सुरुवातीला यंत्रावरच्या शंभरातले ऐंशीहून जास्त रुग्ण जात होते. हातांनी श्वास द्यायला लागल्यावर ते प्रमाण चाळीसच्या आसपास आलं, आणि पुढे आणखी खाली गेलं.

यातून पुढे पुष्कळ काही उभं राहिलं. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले पॉल आस्ट्रुप यांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड चटकन मोजायची रीत बसवली. हाताऐवजी पिशवी दाबणारी यंत्रं आली. आज ज्याला आपण व्हेंटिलेटर म्हणतो, त्याची वाट इथून रुंद झाली. आणि इब्सेन यांच्या मनात आलं की ज्याचा जीव धोक्यात आहे, अशा कुठल्याही रुग्णाला चोवीस तास डोळ्यासमोर ठेवणारा वेगळा वॉर्ड का नसावा? डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात असा वॉर्ड सुरू केला. आपण तालुक्याला, जिल्ह्याला गेल्यावर 'आयसीयू' अशी पाटी बघतो ना, त्या कल्पनेचं मूळ तिथे मानतात.

पण आपल्या गोष्टीला लागणारा धागा वेगळा आहे. ती रबरी पिशवी सिलिंडरमधल्या वायूवर चालायची. सिलिंडर नसेल तर पिशवी रिकामीच. त्याच डेन्मार्कमध्ये हेनिंग रुबेन नावाचे भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे नावाचे इंजिनिअर यांनी दाबून सोडली की आपली आपण फुगणारी पिशवी बनवली. सिलिंडर नको, वीज नको, भोवतालची साधी हवा पुरे. १९५६ साली ती विकायला आली. नाव अँबू बॅग. १०८ च्या गाडीत असते, बाळंतपणाच्या खोलीत असते. तिथल्या नर्सताईंना विचारा, त्या काढून दाखवतील.

आता गडचिरोलीला येऊ.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. जंगल दाट, रस्ते थोडे, पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटायची. १९८६ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे जोडपं तिथे राहायला गेलं. परदेशात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले, मनात आणलं असतं तर शहरात सुखाने राहिले असते. त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली आणि लोकांना विचारत, नोंदी ठेवत कामाला सुरुवात केली. लेकरं कशाने मरतात, हे गावोगाव लिहून काढलं तेव्हा न्यूमोनिया हे मोठं कारण दिसलं.

न्यूमोनियाला औषध होतं, स्वस्त होतं. मग लेकरं का मरत होती? कारण औषध होतं दवाखान्यात आणि लेकरू होतं जंगलातल्या गावात. शिवाय आईला कळायचं नाही की ही साधी सर्दी आहे की छातीचा आजार. डॉक्टर कानाला नळी लावून छाती तपासणार, एक्स-रे काढणार. गावात ते कुठून यायचं?

पण न्यूमोनियाची एक खूण अशी आहे की तिला नळी लागत नाही. फुप्फुसात सूज आली की लेकराला एका श्वासात पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून ते भराभर श्वास घेतं. म्हणजे घड्याळ लावून श्वास मोजले की झालं. आता अडचण अशी की गावातल्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. एखादा म्हणाला असता, अडाणी बायका आहेत, सोडून द्या. बंग यांनी सुईणीला सोडलं नाही. तिला जमेल असं मोजमाप बनवलं.

त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ होतं आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी मोठ्या लेकरासाठी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहा मोजायचे. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले, की समजायचं श्वास जास्त आहे, हा न्यूमोनिया. जिला दहापर्यंत मोजता येतं, तिला हे जमतं.

१९८८ पासून गडचिरोलीतल्या ५८ गावांत हे काम चाललं. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडावाटे द्यायचं औषध द्यायला शिकवलं. पहिल्या टप्प्यात ६१२ वेळा त्यांनी न्यूमोनियावर उपचार केले. त्यात दगावणाऱ्या लेकरांचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथे न्यूमोनिया झालेल्या शंभर लेकरांतली तेरा-चौदा जात होती. १९९० साली हा सगळा हिशेब 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कोपनहेगनच्या साथीचा वृत्तान्तही १९५३ साली लासेन यांनी त्याच नियतकालिकात लिहिला होता.

गोष्ट इथे थांबली नाही. मोठी लेकरं वाचायला लागली, पण जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच जाणारी बाळं उरलीच होती. मग १९९५ पासून ३९ गावांत दुसरं काम सुरू झालं. प्रत्येक गावातली एक बाई निवडायची. पाचवी-सातवी-दहावीपर्यंत शिकलेली, गावातच नांदणारी. तिला आरोग्यदूत म्हणायचे. ती बाळंतपणाला हजर राहायची, बाळाचं वजन करायची, त्याला ऊब द्यायची, पुन्हा पुन्हा घरी जाऊन तपासायची आणि श्वास मोजायची.

आणि जन्मल्यावर बाळ रडलंच नाही तर? पूर्वी अशा बाळाला कांदा हुंगवायचे, उलटं धरायचे, वारेवर उपाय करत बसायचे. या बायकांना बाळाला श्वास द्यायला शिकवलं. आधी नळी आणि मुखवटा होता, १९९९ पासून पिशवी आणि मुखवटा आला. बाळाच्या तोंडा-नाकावर मुखवटा धरायचा, पिशवी दाबायची, छाती वर येते का बघायचं. श्वास कोंडून दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ दोन-तृतीयांशने घटलं. या गावांत आधी जन्मलेल्या हजार बाळांमागे ६२ पहिल्या महिन्यात जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा साधारण २५ वर आला.

आम्ही हे वाचलं तेव्हा थोडा वेळ कुणीच बोललं नाही. कोपनहेगनच्या वॉर्डात रात्री जागणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातात पिशवी होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी गडचिरोलीतल्या घरात, सातवी शिकलेल्या आपल्यासारख्या बाईच्या हातात पिशवी होती. दोघींना कुणीतरी शिकवलं होतं. तुझ्याच्याने हे होणार नाही, असं म्हणून त्यांना परत पाठवलं नव्हतं.

या दोन्ही गोष्टींत मोठ्या डॉक्टरांचं मोठेपण आहेच. इब्सेन यांनी कारण ओळखलं, बंग दांपत्याने वाट काढली. पण शोध त्यांच्या वहीत राहिला असता तर एक लेकरूही वाचलं नसतं. तो दुसऱ्याच्या हातात दिला, म्हणून वाचली. आणि दिला तोही आंधळेपणाने नाही. शिकवलं, देखरेख ठेवली, प्रत्येक नोंद तपासली, गेलेल्या लेकराचीही नोंद लपवली नाही. म्हणून कुणालाही बोट ठेवता आलं नाही.

गडचिरोलीच्या या कामावरून पुढे देशभरात नियम झाला. २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात ना, दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा वेळा, घरी झालं तर सात वेळा, ती हीच रीत. त्या येतात, वजन करतात, बाळाकडे एक मिनिट बघत बसतात. आपण म्हणतो, "चहा घ्या, नुसत्या काय बसलात?" त्या बसलेल्या नसतात, मैत्रिणींनो, त्या श्वास मोजत असतात. त्या एका मिनिटात त्यांच्याशी बोलू नका.

आता सुरुवातीचं काम. मोबाइलवर एक मिनिट लावा. लेकरू झोपलेलं किंवा शांत असावं. रडताना, अंगावर पिताना मोजायचं नाही. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हाही तेवढेच भरले तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, आणि सोबत खोकला असेल, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा दवाखान्यात दाखवायचं.

आणि काही खुणा अशा आहेत की तिथे मोजतही बसायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, ओठ निळे पडलेत, लेकरू पीत नाही, झटके येतात, हलवलं तरी नीट जागं होत नाही, यातली एक जरी खूण दिसली तरी १०८ लावा आणि निघा. डागू नका, बिब्बा घालू नका, छातीवर तेल चोळत रात्र काढू नका. औषधाच्या दुकानातून मनाने औषध आणूनही देऊ नका.

दोन गोष्टी आधीच करून ठेवता येतात. न्यूमोनियावरची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा. लसीच्या कार्डावर तिन्ही खुणा आहेत का, ते आज बघा. दुसरं, चुलीच्या धुरात लेकराला कडेवर घेऊन बसू नका. त्या धुराने लहान फुप्फुसं नाजूक होतात, न्यूमोनिया लवकर धरतो.

पोलिओचं सांगायचं राहिलं. ज्या रोगाने कोपनहेगनचे वॉर्ड भरले होते, त्यावर १९५५ साली लस आली. पुढे डोस आले, आपल्या बायकांनी कडेवर पोरं घेऊन ते पाजले, अंगणवाडीताईंनी घरोघरी जाऊन बोटांना शाई लावली. जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात त्या जंगली पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेही असंख्य हातांचंच काम.

बैठकीतल्या त्या मावशींना आम्ही ही सगळी गोष्ट सांगितली. त्या गप्प ऐकत होत्या. मग नातसुनेचं पाच महिन्यांचं बाळ मांडीवर घेतलं, म्हणाल्या, "लावा तो मोबाइल." मिनिटभर त्यांचे ओठ हलत होते. सदतीस भरले. म्हणाल्या, "बरं आहे गं बाई, बरं आहे." आणि मग शेजारच्या पोरीला म्हणाल्या, "आता तू मोज. चुकलीस तर सांगते."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटानेही एवढं करा. प्रत्येकीने एकदा मोजून बघा, आणि जिला जमलं तिने दुसरीला शिकवा. मोजताना काही अडलं तर आशाताईंना विचारा.

येतो आम्ही. लेकरांना सांभाळा, स्वतःला सांभाळा. नमस्कार.